डोरेवाल्या मॅडम

आमच्या ग्रामीण रुग्णालयात नवीन माणूस रुजू झाला की शिपाई निनावे त्याला इमारत फिरवून दाखवायचा. ही ओपीडी, हा प्रसूती विभाग, ही औषधाची खिडकी, इथे भुरे साहेब बसतात. भुरे साहेब म्हणजे मी. खोली नंबर सातपाशी आला की निनावे आवाज खाली आणायचा.

"इथं डोरेवाल्या मॅडम बसतात. माणूस चांगला आहे. फक्त त्यांचा डबा उघडू नका."

डोरा म्हणजे डोळा. आमच्या भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीतले लोक 'ळ' या अक्षराच्या भानगडीत फारसे पडत नाहीत. त्याच्या जागी 'र' चालवतात आणि कोणाचं काही अडत नाही.

मॅडमचं नाव सुलोचना गजभिये. डोळे तपासणाऱ्या बाईचं नाव सुलोचना असावं, हा विनोद नव्या डॉक्टरांपैकी प्रत्येकाला स्वतःलाच पहिल्यांदा सुचला असं वाटायचं. मॅडम तो शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "वडिलांनी ठेवलं. त्यांना माहीत नव्हतं." एवढं बोलून त्या समोरच्या पेशंटची पापणी उलटी करायच्या.

पद होतं नेत्र चिकित्सा अधिकारी. काम होतं डोळे तपासणं, चष्म्याचा नंबर काढणं, खेड्यापाड्यांतून मोतीबिंदूची म्हातारी माणसं हुडकून ऑपरेशनसाठी भंडाऱ्याला पाठवणं, आणि शाळाशाळांतून पोरांचे डोळे बघणं. ऑपरेशन त्या करत नसत. "कापणारे वेगळे," त्या म्हणायच्या. "मी फक्त पाहते." अंगाने बारीक, उंची बेताची, कायम फिक्या रंगाची सुती साडी आणि खांद्याला कापडी पिशवी. चेहऱ्यावर आनंद, राग आणि कंटाळा या तिन्हींसाठी एकच भाव. त्या कधी कोणावर रागावल्या तर ते त्या माणसाला दुसऱ्या दिवशी समजायचं.

आम्ही अकरा वर्षं शेजारी बसलो. माझी औषधाची खिडकी आणि त्यांची खोली यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत होती. तिकडचं सगळं मला ऐकू येत असे, त्यामुळे मी जे सांगतो आहे त्यातलं बरंच प्लायवूडच्या कृपेने आहे.

त्यांचे वडील चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत होते. जमिनीखाली उतरायचे. पाळी संपवून वर आले की खाणीच्या तोंडाशी मिनिटभर कपाळावर आडवा हात धरून उभे राहायचे, मग चालायला लागायचे. लहानपणी डबा घेऊन गेलेल्या सुलोचनेने एकदा विचारलं, बाबा, असे काहून उभे राहता? ते म्हणाले, "डोरे मागं राहिले खाली. येऊ दे त्याइले." मॅडम म्हणायच्या, पुढे मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केली, डोळ्यांचा दोन वर्षांचा कोर्स केला, पण यापेक्षा नेमकं वाक्य मला कोणत्या पुस्तकात मिळालं नाही.

आता डब्याचं. मॅडमकडे दोन डबे असत, दोन्ही स्टीलचे, दोन्ही सारखेच. एकात भात आणि वांग्याची भाजी. दुसऱ्यात सोमवारी बोकडाचे डोळे, कारण रविवारी मटणाच्या दुकानात ते फेकून देत आणि मॅडम ते मागून आणत. शाळेत मुलांना दाखवायला लागायचे. त्या इथे रुजू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी, त्यांनी मला भिंतीपलीकडून सांगितलं, "भुरे भाऊ, डब्यात भाजी आहे, घ्या." मी गेलो. टेबलावर दोन डबे होते. मी त्यातला एक उघडला. सहा डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "तो नाही." आणि दुसरा पुढे सरकवला. मी त्या दिवशी जेवलो नाही. पुढे सवय झाली. त्यांनी एकदा ब्लेडने डोळा उघडून आतलं भिंग काढलं, हरभऱ्याच्या टपोऱ्या दाण्यासारखं, आरपार स्वच्छ, आणि वर्तमानपत्रावर ठेवलं. खालची अक्षरं मोठी झाली. मेलेल्या बोकडाच्या डोळ्यातून मी धानाचे भाव वाचले.

त्यांच्या खिडकीत मातीची पाच भांडी एका ओळीत मांडलेली असत. ती गावातल्या कुंभाराकडून त्यांनी मुद्दाम करून घेतली होती. पहिली सपाट ताटली. दुसरी पणती. तिसरा खोलगट वाडगा. चौथं लहान मडकं, त्याच्या बुडाला बारीक भोक आणि तोंडाला तेल लावलेला कागद. पाचवं तसंच मडकं, पण भोक मोठं आणि त्यात जुन्या चष्म्याचं जाड भिंग बसवलेलं. कुंभाराने विचारलं होतं, "मॅडम, यात रांधता काय?" मॅडम म्हणाल्या होत्या, "नाही. हे डोळे आहेत." कुंभाराने पाचही भांडी नीट भाजून दिली आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं की दवाखान्यातल्या बाईंचं काही खरं नाही.

बुधवारी मोतीबिंदूवाल्यांची रांग लागायची. नंबर यायला वेळ लागतो, म्हातारी माणसं कंटाळतात, म्हणून मॅडम ती भांडी बाहेर व्हरांड्यात आणून ठेवत आणि एकीकडे डोळ्यांत औषधाचे थेंब टाकत सांगत राहत.

"ही ताटली पहा. गांडुळाची कातडी अशी आहे. उजेड पडला की समजते, गेला की समजते. कुठून आला ते समजत नाही. आता ही पणती. खड्डा पडला. उजेड डावीकडून आला तर डावा काठ सावली टाकते. बस, दिशा समजली. डबक्यातल्या दगडाखाली एक चपटा किडा असते, त्याच्याजवळ अशा दोन पणत्या आहेत. मग खड्डा खोल झाला. मग तोंड लहान झालं. हे मडकं घेऊन फिरणारा एक शंखवाला अजून समुद्रात आहे. मग तोंडावर पातळ कातडी आली, आत पाणी भरलं, पाणी घट्ट होत होत भिंग झालं. झाला डोळा."

"किती दिस लागले जी याले?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"लाखो वर्षं."

"आमचा नंबर त्याच्या आंधी येईन ना?"

"येईल."

रांगेत एक निवृत्त गुरुजी होते, कपाळाला गंध लावणारे. त्यांना हे पटलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, डोळा देवानं दिला आहे." मॅडमने त्यांच्या डाव्या डोळ्यात थेंब टाकला आणि म्हणाल्या, "दिला असेल गुरुजी. पण घाई नाही केली." गुरुजींनी डोळे मिटून घेतले. थेंब टाकल्यावर मिटावेच लागतात, त्यामुळे त्यांचं मत काय झालं ते कळलं नाही.

चौथ्या मडक्याचा खेळ सगळ्यांत जास्त चाले. खोलीत अंधार करायचा, दाराच्या फटीत मडकं असं धरायचं की भोक बाहेरच्या उन्हाकडे राहील. मग कागदावर व्हरांड्यापलीकडचं आंगण दिसायचं, रांग दिसायची, सगळी माणसं इवलीशी आणि डोकी खाली, पाय वर. सुभद्राबाई नावाच्या एक म्हाताऱ्या होत्या. त्यांनी कागदात आपल्या सुनेला ओळखलं आणि घाबरल्या.

"हिले उलटी काहून टांगली?"

"उलटी नाही टांगली मावशी. डोळ्यात सगळे उलटेच पडतात. तुमच्या डोळ्यात मी आत्ता उलटीच आहे."

"मंग मले सरळ काहून दिसून राहिल्या?"

"डोकं सरळ करते."

सुभद्राबाईंनी विचार केला. "माह्या डोक्यानं एवढं काम केलं अन् मले कोनी सांगतलं नाही," त्या म्हणाल्या. घरी जाताना सुनेला बजावलं की आजपासून मला कोणी बिनडोक म्हणायचं नाही, मॅडमनी तपासलं आहे.

एकदा मॅडमने मला सांगितलं की आपल्या डोळ्याचं वायरिंग उलटं आहे. उजेड घेणारा पडदा मागे, आणि त्याच्या तारा त्याच्याच पुढ्यातून टाकलेल्या. मग त्या मेंदूकडे न्यायच्या म्हणून पडद्याला एक भोक पाडलं. त्या भोकाच्या जागी काही दिसत नाही. "समुद्रातल्या आठ हातांच्या प्राण्याचं वायरिंग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आपला वायरमन आपल्याच जिल्ह्याचा असावा."

ही माहिती त्यांनी एवढ्यावरच ठेवली असती तर बरं झालं असतं. पण त्यांनी ती आंधळी जागा सापडवायची रीतही शिकवली. डावा डोळा मिटायचा. उजव्याने समोरच्या माणसाच्या डोक्याच्या जरा डावीकडे, एका जागी टक लावायची. नजर हळूहळू डावीकडे सरकवत न्यायची. एका ठिकाणी त्या माणसाचं डोकं नाहीसं होतं. फक्त डोकं. बाकी माणूस राहतो, आणि डोक्याच्या जागी मेंदू मागची भिंत भरून टाकतो.

आमच्या वैद्यकीय अधीक्षकांची दर महिन्याला बैठक असे. ती दोन तास चाले आणि तिच्यात बोलण्याचं काम एकटे अधीक्षक करत. पुढच्या बैठकीत मी, निनावे आणि दोन सिस्टर ओळीने डावा डोळा मिटून बसलो होतो. साहेब स्वच्छतेविषयी बोलत होते. माझ्याकडे त्यांचं डोकं नुकतंच गेलं होतं आणि कॉलरच्या वर लसीकरणाचं पोस्टर दिसत होतं. आवाज मात्र येत होता. तेवढ्यात साहेब थांबले आणि त्यांनी विचारलं, "तुम्हा सगळ्यांना डोळे आले आहेत का?"

मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "नाही सर. मी शिकवलं आहे." आणि काय शिकवलं ते अधीक्षकांना जसंच्या तसं सांगितलं, 'डोकं नाहीसं होते' या शब्दांसकट. साहेबांनी सगळं ऐकलं, मग डावा डोळा मिटला, माझ्याकडे उजवा डोळा लावला आणि हळूहळू नजर डावीकडे नेली. अर्ध्या मिनिटाने म्हणाले, "भुरे गेला." बैठक त्या दिवशी वीस मिनिटांत संपली.

एवढं वाचून कोणाला वाटेल की बाई गमतीच्या होत्या. त्या गमतीच्या नव्हत्या. त्यांनी आयुष्यात कधी कोणाला हसवायचं म्हणून काही केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांची एक रीत मात्र मला कळायची नाही. आमच्याकडे बाळंतपण झालं की, दिवसाचं कोणतंही काम हातात असो, मॅडम टॉर्च घेऊन प्रसूती विभागात जायच्या. बाळाच्या दोन्ही डोळ्यांत उजेड टाकून पाहायच्या आणि परत यायच्या. सुटीच्या दिवशी जन्मलेलं बाळ घरी गेलं असेल तर पत्ता काढून त्याच्या गावाला जायच्या. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. निनावे म्हणायचा, मॅडमले लेकरू नाही म्हणून असंल. मॅडमला दोन मुलगे होते, एक तुमसरला राइस मिलमध्ये सुपरवायझर होता. तरी निनावेने आपलं मत बदललं नाही.

कारण मला कळलं ते मोनालीच्या वेळी.

मोनाली दुसरीत होती. हायवेला लागून असलेल्या एका गावच्या जिल्हा परिषद शाळेत मॅडमनी पोरांची तपासणी केली तेव्हा ती सापडली. उजवा डोळा उत्तम. डाव्याने समोरचा फळा दिसे, फळ्यावरचं काही दिसत नसे. पोरीला स्वतःला याचा पत्ता नव्हता. सात वर्षांच्या पोरीला वाटतं, सगळ्यांचं असंच असतं. बाहेरून डोळा अगदी नीट. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी पाहिलं, जाड चष्मा दिला आणि सांगितलं की चांगल्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी लावायची.

मोनालीचा बाप गणेश हायवेवर पंक्चरचं दुकान चालवायचा. तो आणि त्याचा धाकटा भाऊ दोघे मिळून. दोघंही खोली नंबर सातमध्ये आले.

"चांगला डोरा झाकता अन् खराब उघडा ठेवता," गणेश म्हणाला. "हा कोनता न्याय जी?"

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या दुकानात दोघं आहा. ट्रकचं टायर कोण खोलते?"

"मीच खोलतो."

"हे भाऊ काय करतात?"

गणेशने भावाकडे पाहिलं. भाऊ भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे पाहायला लागला.

"चार दिवस तुम्ही सासुरवाडीला गेले तर दुकान कोण चालवल?"

"चालवन तोच. चालवाच लागन."

"तसंच आहे," मॅडम म्हणाल्या. पट्ट्यांचं खोकं त्याच्या हातात दिलं.

पंधरा दिवसांनी गणेश एकटा आला. मी खिडकीत गोळ्या मोजत होतो. भिंतीपलीकडे खोकं टेबलावर आपटल्याचा आवाज आला.

"हे घ्या तुमची पट्टी. पोरगी शाळेच्या पायरीवरून पडली. दात तुटला. पोरं एका डोऱ्याची कानी म्हणून चिडवून राहिले तिले. माही माय म्हनते, पोरीचं लगन कोन करन? दिसत होतं तिले. तुमी आंधरी करून राहिल्या."

मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "बसा गणेशभाऊ," मॅडम म्हणाल्या. आणि त्यांनी जे सांगितलं ते मी शेजारी नऊ वर्षं बसून कधी ऐकलं नव्हतं.

"मले नोकरी लागून दुसरं वर्ष होतं. दुसऱ्या गावी होती मी. एक बाई लेकरू घेऊन आली, चार महिन्यांचं. दोन्ही डोळ्यांत बुबुळाच्या मधात पांढरं. जन्माचा मोतीबिंदू. मी म्हटलं, बाई, घाई करू नको, लेकरू लहान आहे, भूल सोसणार नाही. थोडं मोठं होऊ दे. मोतीबिंदू काय, कधीही निघते. मले तसंच वाटत होतं. म्हाताऱ्यांचा निघते ना साठ वर्षांनी, अन् लगेच दिसते. मले विचारून ती बाई घरी गेली. कोणाले नाही, मले विचारून."

भिंतीपलीकडे गणेशची खुर्ची करकरली.

"सात वर्षांचा झाला तेव्हा ऑपरेशन झालं. चांगलं झालं. मी पट्टी सोडताना तिथं होती. डोळे काचेसारखे साफ. माय समोर उभी होती. त्याला विचारलं, काय दिसते? तो म्हणाला, उजेड. माय जवळ आली, त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं. तो तिच्या आवाजाकडे कान करून राहिला."

"आता?"

"आता मोठा आहे. म्हशी सांभाळते, पायाच्या आवाजावरून ओळखते. कोणी हललं तर हललं एवढं समजते. कोण, ते समजत नाही."

"डोरा साफ झाला ना पन?"

"माह्या डोळ्यापेक्षा साफ आहे. पाहणं डोळ्यात नसते गणेशभाऊ. मायच्या पोटात डोळा बनते तोच डोक्यातून बाहेर आलेला कोंब असते. डोक्याचाच तुकडा आहे तो. लेकरू जनमते तेव्हा डोळा तयार असते, पाहणं तयार नसते. पहिले हातभरावरचं मायचं तोंड, तेही पुसट. रोज उजेड येते, रोज थोडं शिकते. दोन्ही डोळ्यांच्या तारा मागं डोक्यात जाऊन आपापली जागा धरतात. एसटीसारखं आहे. ज्याची तार वेळेवर आली नाही त्याची जागा दुसरा धरून टाकते. अन् कोणीच नाही आलं तर कंडक्टर त्या जागेवर पार्सल ठेवून देते. मग मागून किती चांगला माणूस चढला तरी तो उभाच राहते."

मी मोजत असलेल्या गोळ्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

"मोनालीच्या डाव्या डोळ्याची जागा अजून पुरी गेली नाही," मॅडम म्हणाल्या. "रुमाल टाकून ठेवलेला आहे. पण उजव्याले थोडा वेळ उठवल्याशिवाय त्याले बसाले भेटत नाही. दोन-चार वर्षांनी उठवलं तर उपयोग नाही. दात दुसरा येते गणेशभाऊ. दुधाचाच होता."

थोड्या वेळाने गणेशचा आवाज आला. "किती घंटे म्हटलं होतं?"

"चार."

खोकं उचलल्याचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा तो खोकं शर्टाच्या आत घालून सायकलवर बसत होता. त्या दिवशी मॅडम नेहमीप्रमाणे पाच वाजता गेल्या. जाताना माझ्या खिडकीपाशी थांबल्या. "भिंत पातळ आहे," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यानंतर आम्ही हा विषय काढला नाही.

पुढच्या सोमवारी त्या मोनालीच्या शाळेत गेल्या. जीप माझ्या औषधांसाठी त्याच रस्त्याने जाणार होती म्हणून मीही होतो. मॅडमच्या पिशवीत पट्ट्या होत्या. त्यांनी दुसरीच्या अख्ख्या वर्गाला, बत्तीस पोरांना, वर्गशिक्षिकेला आणि मुख्याध्यापकांना एकेका डोळ्यावर पट्टी लावली. मला लावली. मग ग्लास आणि पाण्याचे तांबे ठेवले आणि सांगितलं, हात लांब धरून तांब्यातलं पाणी ग्लासात ओता. वर्गात पूर आला. एका डोळ्याने लांबी-खोली कळत नाही. प्रत्येकाला आपण ग्लासाच्या बरोबर वर आहोत असं वाटतं आणि तो नसतो. मुख्याध्यापक कडक माणूस होते. त्यांनी आपल्या बुटात पाणी ओतलं. मी व्हरांड्याची पायरी उतरताना नसलेल्या पायरीवर पाय ठेवला आणि दुसऱ्या पायरीवर बसलो.

मोनालीने ग्लास भरला. थोडं सांडलं, पण भरला. तिला पंधरा दिवसांचा सराव होता. तिने आधी तांब्याची कड ग्लासाला टेकवली, किणकिण वाजलं तेव्हा ओतलं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पोरं तिच्याभोवती जमली. मग एक जण म्हणाला, "बाई, मले उद्या पन पट्टी पायजे." जाताना मॅडम मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "सर, बूट उन्हात ठेवा." चिडवणं बंद झालं. उलट पुढचा महिनाभर गावातली पोरं डोळ्याला वडाची पानं चिकटवून फिरत होती असं कळलं.

नऊ-दहा महिने पट्टी चालली. गणेश आता मॅडमपेक्षा कडक झाला होता. दुकानासमोर हायवेच्या कडेला खाट टाकायचा, मोनालीला बसवायचा, उजव्या डोळ्यावर पट्टी. ट्रक आला की विचारायचा, "नंबर?" जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाल्यापासून आमच्या गाड्यांच्या पाटीवर छत्तीस असतं आणि गोंदियाच्या गाड्यांवर पस्तीस. पाच आणि सहामध्ये फरक किती, तर खालच्या पोटात एक वेलांटी इकडून तिकडे टेकते की नाही एवढाच. सुरुवातीला मोनालीला ट्रक दिसे, पाटी दिसत नसे. मग पाटी दिसायला लागली. मग आकडे आहेत एवढं. एक दिवस गणेश पोरीला घेऊन सायकल दामटत आला. ओपीडी बंद झाली होती.

"मॅडम! पस्तीस-छत्तीस सांगून राहिली! वीस गाड्या सांगितल्या, सतरा बरोबर!"

जिल्हा फुटण्याचा इतका उपयोग आमच्या भागात दुसऱ्या कोणाला झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

मॅडमनी कुलूप उघडलं, पोरीला खुर्चीवर बसवलं, तपासलं. "तक्त्यातल्या दोन ओळी राहिल्या," त्या म्हणाल्या. "त्या बहुतेक राहतीलच. पुरा नाही होणार." गणेश म्हणाला, चालते मॅडम. मोनाली म्हणाली, तीन गाड्या ड्रायव्हरनं जोरात नेल्या. मॅडमनी पिशवीतून एक पेरू काढला, चांगल्या अंतरावर उभ्या राहिल्या आणि पोरीकडे फेकला. तिने झेलला. मग त्या वळून हात धुवायला गेल्या. नळ बराच वेळ चालू होता. एवढे हात काय धुवायचे होते ते मला माहीत नाही.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभात त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "नवजात बाळांचे डोळे पाहत जा," आणि बसल्या. अधीक्षक साहेबांना टाळ्या वाजवायला वेळ लागला, कारण ते अजून पुढचं भाषण ऐकण्याच्या तयारीत होते.

त्यांच्या जागी कुंभलकर मॅडम आल्या. चारेक वर्षांनी एका बुधवारी मी खिडकीतून रांग पाहिली तर गजभिये मॅडम रांगेत उभ्या. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही सरळ आत जा. त्या म्हणाल्या, "माझा नंबर चौदा आहे." चौदावा नंबर येईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग प्लायवूडपलीकडून त्यांचा आवाज आला. डावा डोळा झाकून त्या अक्षरांचा तक्ता वाचत होत्या. वरच्या मोठ्या अक्षरापासून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत, न अडखळता, खणखणीत.

मग कुंभलकर मॅडम हळूच म्हणाल्या, "मॅडम, तक्ता काल फाटला म्हणून काढून ठेवला आहे. नवीन अजून लावायचा आहे. तिथं भिंत आहे."

"अठ्ठावीस वर्षं झाली वाचून," गजभिये मॅडम म्हणाल्या. "तोंडपाठ आहे."

"भिंत आहे हे दिसलं नाही?"

"पांढरं काहीतरी दिसलं." मग त्या म्हणाल्या, "लिहा. मोतीबिंदू, दोन्ही. उजवा जास्त पिकला आहे. आधी उजवा काढा." कुंभलकर मॅडमनी टॉर्चने पाहिलं आणि तेच लिहिलं.

ऑपरेशन भंडाऱ्याला झालं. दुसऱ्या दिवशी मला औषधांच्या कामाने तिकडे जायचंच होतं, म्हणून सकाळीच पोचलो. वॉर्डाबाहेरच्या लांब बाकावर ऑपरेशन झालेल्या बारा-तेरा बाया ओळीने बसल्या होत्या. सगळ्यांच्या डोळ्यांवर सरकारी काळे चष्मे, सगळ्यांच्या अंगावर पदर घट्ट गुंडाळलेला, सगळ्यांच्या हातात चहाचा कागदी कप. सकाळच्या थंडीत त्या एकसारख्या दिसत होत्या. मी या टोकाला उभा राहून एकेकीकडे पाहत गेलो. पहिली नाही, दुसरी नाही. दोनदा पाहिलं. अकरा वर्षं शेजारी बसलेलं माणूस मला ओळखू येईना. मी मोठ्याने नाव घ्यावं की नाही याचा विचार करत होतो.

तेवढ्यात त्या टोकाकडून, चहाच्या कपामागून आवाज आला.

"भुरे भाऊ, शर्टाचं बटण एक घर खाली लागलं आहे."

मी खाली पाहिलं. लागलं होतं. सकाळपासून एसटीत, स्टँडवर, चहाच्या टपरीवर इतकी माणसं भेटली होती. त्यातल्या कोणी सांगितलं नव्हतं.